छोटे पट्ट्यांचे ट्रॅक्टर युद्धात खरंच वापरले होते का?

मामांच्या रानात गंजत पडलेल्या मशीनवरून तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. जुने छोटे क्रॉलर ट्रॅक्टर, म्हणजे चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारे, सैन्याने कधी वापरले का, आणि त्यांच्यावर पत्रा चढवून, बंदूक बसवून रणगाडा होऊ शकला असता का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे.

प्रयत्न झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, सोव्हिएत युनियनमधल्या ओदेसा शहराला वेढा पडला तेव्हा तिथल्या कारखान्याने ट्रॅक्टरांवर पोलादी पत्रे आणि लाकडाचे थर चढवून रणगाडे केले. त्यांना रशियन भाषेत नाव पडलं ‘ना इस्पुग’, म्हणजे ‘घाबरवण्यासाठी’. अंधारात दिवे लावून, आवाज करत ते पुढे जायचे. वेढ्यात सापडलेल्या शहराने जे हाताशी होतं ते वापरलं, त्यांच्या हिमतीला माझा सलाम. पण ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स ओढण्यासाठी असतो, पळण्यासाठी नाही. त्यात वर जाड पत्रा चढवला की इंजिनाचा दम तिथेच संपतो.

आता पहिला प्रश्न. मी नऊ वर्षं छोटा डोझर चालवला, सपाटीकरण आणि बांधबंदिस्तीच्या कामावर. काळ्या रानात वाफसा यायच्या आधी चाकाचा ट्रॅक्टर घातला की तो आसापर्यंत रुततो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. त्याच रानात पट्ट्यांचं मशीन आरामात फिरतं. साधा हिशोब करा. समजा मशीन दोन टनांचं आहे आणि प्रत्येक पट्टा २५ सेंटिमीटर रुंद, दीड मीटर जमिनीला टेकलेला. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या जरा वर दाब. चालताना एका पायावर भार आला की माणूसही जमिनीला साधारण एवढाच दाबतो. सैन्याला हेच हवं होतं: जिथे माणूस चालू शकतो तिथे माती सरकवणारं यंत्र.

याचं मला सगळ्यात भावणारं उदाहरण ब्रह्मदेशातलं आहे. क्लार्क कंपनीने अमेरिकन हवाई दलासाठी सीए-१ नावाचा चिमुकला डोझर बनवला होता. वजन दोन टनांच्या आसपास, ताकद वीसेक अश्वशक्ती. तो वाको ग्लायडरच्या, म्हणजे दुसऱ्या विमानाने ओढून न्यायच्या बिनइंजिनाच्या विमानाच्या, पोटात मावायचा. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातल्या लालाघाटहून ग्लायडर निघाले आणि जपानी फळीच्या खूप आत, जंगलातल्या एका मोकळ्या जागी उतरले. जागेचं सांकेतिक नाव ब्रॉडवे. गवताखाली सागाचे ओंडके ओढून पडलेल्या खोल चऱ्या होत्या, त्या विमानातून दिसल्याच नव्हत्या. ग्लायडरांची चाकं तुटली, मागून येणारे पुढच्यांवर आदळले, माणसं गेली. डोझर घेऊन येणारा एक ग्लायडर दोन झाडांच्या मधून घुसला आणि त्याचे पंख तिथेच राहिले. आतला डोझर दोर तोडून पुढे सुटला. ग्लायडरचं नाक बिजागरीवर वर उचललं जायचं. ते वैमानिकांसकट वर गेलं आणि डोझर त्यांच्या खालून बाहेर पडला. वैमानिक वाचले.

सकाळी उरलेल्या यंत्रांनी आणि माणसांनी चऱ्या बुजवायला घेतल्या. त्याच संध्याकाळी तिथे डाकोटा मालवाहू विमानं उतरायला लागली. आठवड्याभरात ब्रॉडवे आणि तशाच इतर धावपट्ट्यांवर दोस्त राष्ट्रांचे सुमारे ९,००० सैनिक आणि हजारावर खेचरं पोहोचली. डोझर नसता तर ती विमानं उतरली नसती, असं मी छातीठोकपणे म्हणेन. ब्लेडने चरी बुजवायला किती वेळ लागतो आणि फावड्याने किती, हे मी हाताने अनुभवलंय.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. माझ्या डोझरला स्टेअरिंग क्लच होते. डावा दांडा ओढला की डाव्या पट्ट्याची ताकद सुटते आणि मशीन डावीकडे वळतं. पण उतारावर, नुसता क्लच सोडून ब्रेक दाबला नाही तर सुटलेला पट्टा जास्त वेगाने पळतो आणि मशीन उलट्या बाजूला वळतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी बांध सोडून थेट खालच्या वावरात गेलो होतो. अमेरिकेतल्या क्लेट्रॅक कंपनीने आपल्या ट्रॅक्टरांत यावर नियंत्रित डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही पट्ट्यांना ताकद वाटून देणारी गिअरांची रचना, काढली. वळताना दोन्ही पट्ट्यांना ताकद मिळत राहते, फक्त एकाचा वेग कमी होतो. अमेरिकेच्या शर्मन रणगाड्याचं वळणं याच तत्त्वावर होतं. शेतातल्या यंत्राने रणगाड्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट मला हीच वाटते.

राहिलं तुमच्या मामांच्या रानात गंजत पडलेलं मशीन. ते सैन्यातलं असणं अशक्य नाही. १९४७ च्या सुमारास केंद्रीय ट्रॅक्टर संघटना सुरू झाली तीच अमेरिकन सैन्याने मागे सोडलेल्या ट्रॅक्टरांवर. कांस गवताने व्यापलेल्या जमिनी त्यांनी नांगरल्या. सीटखाली किंवा बॅटरीच्या पेटीत, जिथे नंतरचा रंग पोहोचत नाही, तिथे हळूच खरवडून बघा. नुसता हिरवा रंग दिसला म्हणून खात्री धरू नका. इंजिनाजवळची पितळी किंवा ॲल्युमिनियमची पाटी शोधा, रॉकेलने पुसून नंबर उतरवून घ्या आणि फोटो टाका. पाटी मिळेपर्यंत मामांना म्हणावं, भंगारवाल्याला देऊ नका.