निम्मी कामे करूनही पत्नीचा थकवा का जात नाही?

आम्ही दोघेही पूर्णवेळ नोकरी करतो. मुलगी सात वर्षांची आहे आणि मुलगा तीन वर्षांचा. माझ्या मित्रांपैकी कुणीही करत नसेल इतके घरकाम मी करतो. मध्यंतरी आमचा वाद झाला तेव्हा भांडी, कपडे, मुलांच्या आंघोळी, शनिवारची खरेदी, मुलीचे बूट आणणे अशी सगळ्या कामांची यादीच मी लिहून काढली. त्यात निम्म्याहून थोडी अधिक कामे माझ्या नावावर निघाली. यादी वाचून पत्नीला रडू आले. "प्रत्येक गोष्ट तुला सांगावी लागते, त्यानेच मी दमते," असे ती म्हणाली. मी कपड्यांच्या घड्या घातल्या तरी ती त्या मोडून पुन्हा घालते. आता तिला कार्यालयात विभागप्रमुखपद देऊ केले आहे आणि महिनाभरात उत्तर द्यायचे आहे. ती मात्र बढती नाकारून नोकरीच सोडायचे म्हणते. "ही माझीच इच्छा आहे," असे ती सांगते. तिच्या इच्छेचा मान राखावा की तिला अडवावे? आणि मी आणखी काय करायचे राहिले आहे?
— निम्मा वाटा उचलणारा

नमस्कार,

तुमची यादी खोटी आहे असे मला मुळीच वाटत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगभरातील स्त्रिया घरकाम आणि कुटुंबीयांची देखभाल यांसाठी दररोज सरासरी ४ तास २५ मिनिटे विनामोबदला राबतात, तर पुरुष १ तास २३ मिनिटे. या सरासरीशी तुलना केली तर तुम्ही बरेच पुढे आहात, आणि त्याचे श्रेय तुम्हाला निःसंकोच द्यायला हवे. तरीही तुमच्या पत्नीचे अश्रू मला त्या यादीइतकेच खरे वाटतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घेतले तर तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधणे सोपे जाईल.

तुमच्या यादीतील 'मुलीचे बूट आणणे' ही एकच ओळ घेऊ. तुम्ही मुलीला दुकानात नेले, बूट घेतले, घरी आलात आणि काम तुमच्या नावावर लागले. पण मुलगी चालताना अंगठा आखडून घेते आहे, हे त्याआधी कुणाच्या तरी लक्षात आले होते. शाळेला कोणत्या रंगाचे बूट चालतात, क्रीडादिन कधी आहे, त्याआधीचा कोणता शनिवार मोकळा आहे, हे कुणीतरी पाहून ठेवले होते. तुम्हाला माप कुणीतरी सांगितले होते, आणि नवे बूट टाचेला लागत तर नाहीत ना, हेही नंतर कुणीतरी तपासले असणार. तुमच्या पत्रावरून तरी ती व्यक्ती तुमची पत्नीच असावी असे दिसते, आणि यातील एकही गोष्ट तुमच्या यादीत आलेली नाही.

समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी अमेरिकेतील ३५ जोडप्यांतील पती आणि पत्नी या दोघांच्याही सविस्तर मुलाखती घेऊन २०१९ मध्ये नेमक्या याच श्रमांची मांडणी केली. घर चालवण्यातील बौद्धिक श्रमांचे त्यांनी चार भाग पाडले: गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे, आणि घेतलेला निर्णय नीट पार पडला की नाही यावर लक्ष ठेवणे. त्यांना असे आढळले की निर्णय घेण्याच्या टप्प्यावर पती-पत्नी बहुधा बरोबरीने सहभागी असतात. पण गरज ओळखणे आणि शेवटपर्यंत लक्ष ठेवणे हे दोन भाग बहुतांश स्त्रियांकडेच राहतात. निर्णय एकत्र घेतला जातो म्हणून नवऱ्याला सगळे काही समान वाटते. ज्या दोन भागांना ठरलेली वेळ नसते आणि जे कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत, ते मात्र बायकोच्या डोक्यात दिवसभर चालू राहतात.

तुमच्या पत्नीच्या वाक्याचा अर्थ मी असा लावते. भांडी घासून झाली की ते काम संपते. लक्षात ठेवण्याचे काम मात्र संपत नाही आणि घरी ठेवूनही जाता येत नाही. कार्यालयातील बैठकीत बसल्यावरही मुलाच्या लसीची तारीख मनात जागीच असते. आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८९ मध्ये नोकरदार स्त्रियांच्या घरकामाला 'दुसरी पाळी' असे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. त्या पाळीचा शारीरिक कष्टाचा मोठा भाग तुम्ही उचलला आहे. देखरेख मात्र पूर्णपणे तिच्याकडेच राहिली, आणि "काय करू ते सांग" असे तुम्ही जितक्या प्रेमाने विचारता, तितक्या वेळा ती देखरेख तिच्याकडेच असल्याचे तिला पुन्हा जाणवते.

आता घड्यांविषयी. हा मुद्दा तुम्हाला मनातून बराच लागलेला दिसतो, आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. सारा अ‍ॅलन आणि अ‍ॅलन हॉकिन्स यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की काही माता कामाचे निकष स्वतःच ठरवतात आणि दुसऱ्याने केलेले काम पुन्हा करतात. त्यामुळे वडिलांचा सहभाग आणखी आक्रसतो. तुमच्या घरीही थोडेफार तसे होत असेल. पण तिला हा दोष देण्यापूर्वी आणखी एका प्रयोगाची माहिती करून घ्या. सारा थेबो, सबिनो कॉर्नरिच आणि लिआ रुपॅनर यांनी लोकांना एकाच खोलीची छायाचित्रे दाखवली. काहींना ती पुरुषाची खोली म्हणून सांगितली, तर काहींना स्त्रीची. पसारा दिसण्याच्या बाबतीत पाहणाऱ्या स्त्री-पुरुषांत फरक आढळला नाही. 'पुरुषांना पसारा दिसतच नाही' या समजुतीला त्यामुळे फारसा आधार उरत नाही. मात्र नीटनेटकी असलेली तीच खोली स्त्रीची म्हणून सांगितली की लोकांना ती कमी स्वच्छ वाटू लागली, आणि पाहुणे आले तर तिला नावे ठेवतील असेही त्यांना अधिक वाटले.

मुलगा चुरगळलेल्या सदऱ्यात शाळेत गेला तर लोक कुणाला बोल लावतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुमच्या पत्नीलाही ते ठाऊक आहे, आणि तिचे हात त्या घड्या मोडतात त्यामागे ही जाणीव असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून घड्यांवरून वाद घालण्याऐवजी कोणत्या कामात किती नीटनेटकेपणा पुरेसा आहे, हे दोघांनी शांतपणे आधीच ठरवा. जे काम तुमच्याकडे असेल त्याबद्दल बाहेरून येणारे बोलही तुम्हीच ऐकून घ्या. तुमच्या आईने किंवा शाळेतील शिक्षिकेने तिला विचारले, तर "ते माझ्याकडे आहे" असे तुम्ही पुढे होऊन सांगितले पाहिजे. तुम्ही ते सांगू लागलात की तिला हात आवरणे सोपे जाईल.

आता नोकरीचा प्रश्न. तुमचे पत्र वाचताना मला सर्वांत जास्त खटकली ती एक गोष्ट. त्यात तुमच्या पत्नीच्या नोकरीपुढे तीन वाटा आहेत: बढती घेणे, आहे तिथेच राहणे किंवा राजीनामा देणे. तुमच्या नोकरीपुढे एकही वाट नाही. तुमच्या कामाचे तास, तुमची रजा, तुमचे उशिरा घरी येणे यांचा उल्लेखच नाही, जणू त्या न बदलणाऱ्या गोष्टी आहेत आणि जे काही हलायचे ते तिनेच हलायचे. हे तुम्ही जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. बहुतेक घरांत ही गोष्ट अशीच, कुणी न बोलता, ठरून गेलेली असते.

'माझीच इच्छा आहे' हे वाक्यही याच संदर्भात ऐका. पामेला स्टोन यांनी उच्च पदांवरील नोकऱ्या सोडून घरी थांबलेल्या अमेरिकी स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. ते संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील बहुतेक स्त्रिया आपला निर्णय स्वेच्छेचा असल्याचे सांगत होत्या. प्रत्यक्षात अनेकींना कामाच्या ठिकाणी कमी तासांची सोय मिळाली नव्हती, किंवा मिळाल्यावर महत्त्वाची कामे त्यांच्याकडून काढून घेतली गेली होती. घरी त्यांचे पती "तुझ्या मनाप्रमाणे कर" असे म्हणत, पण स्वतःच्या कामाचे तास तसेच ठेवत. तो पाठिंबा मनापासूनचा होता, तरी त्याने त्या स्त्रियांपुढील पर्याय वाढले नाहीत. पुढे २०१५ मध्ये डेव्हिड पेडुला आणि सारा थेबो यांनी तरुण अमेरिकनांच्या पाहणीत दाखवले की कामाच्या ठिकाणी कुटुंबाला पूरक धोरणे असतील असे गृहीत धरायला सांगितले, की मुख्यतः तरुणींचा कल समान वाटणीच्या संसाराकडे आणखी वाढतो. म्हणजे परिस्थिती बदलली की इच्छाही बदलते. थकलेल्या माणसाची इच्छा प्रामाणिक असते, पण ती थकव्यातून आलेली असते, आणि तिच्यावर आयुष्यभराचा निर्णय उभारण्याची घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण त्या निर्णयाची किंमत मोठी आहे. शेली कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केलेल्या प्रयोगात सारख्याच पात्रतेचे अर्ज वापरले होते. अर्जदार स्त्री आई आहे एवढे कळताच तिची क्षमता आणि कामावरील निष्ठा कमी लेखली गेली आणि तिच्यासाठी कमी पगार सुचवला गेला. वडील असलेल्या पुरुषांना असा तोटा झाला नाही. डेन्मार्कसारख्या समानतेसाठी नावाजलेल्या देशातही पहिल्या अपत्यानंतर स्त्रियांची कमाई पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते, असे हेन्रिक क्लेव्हेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले. नोकरी पूर्णपणे सोडल्यावर परतीची वाट याहून अवघड होते. आणि विभागप्रमुखपद पुन्हा चालून येईलच असे नाही.

तेव्हा तिला अडवू नका. तो अधिकार तुमचा नाही. "तुझ्या मनाप्रमाणे कर" एवढेच म्हणून बाजूलाही होऊ नका. ज्या परिस्थितीत ती हा निर्णय घेते आहे, ती तिने उत्तर देण्याआधी बदलून दाखवा.

सुरुवात मुलांच्या आरोग्यापासून आणि शाळेपासून करा, कारण लक्षात ठेवण्याचे सर्वाधिक काम तिथेच असते. ही दोन क्षेत्रे पूर्णपणे तुमच्याकडे घ्या: लसींच्या तारखा, औषध संपत आल्याचे कळणे, शाळेच्या ग्रुपवरील सूचना, पालकसभा, वाढदिवसांची आमंत्रणे आणि पुढच्या वर्षीचे बूट. शाळेत आणि दवाखान्यात संपर्कासाठी पहिला क्रमांक तुमचा लिहून द्या. मुलाला ताप आला की फोन तुम्हाला यावा आणि कामावरून तुम्ही उठावे. पहिल्या काही आठवड्यांत तुमच्याकडून एखादी गोष्ट राहून जाईल. त्या वेळी "तू आठवण करायला हवी होतीस" हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. उरलेल्या कामांत मात्र काटेकोर वाटणीचा आग्रह धरू नका. डॅनियल कार्लसन यांच्या संशोधनातून असे दिसते की कामे माणसागणिक वाटून घेण्यापेक्षा तीच कामे दोघांनी मिळून करणारी जोडपी अधिक समाधानी असतात. आणि ती यादी कृपा करून पुन्हा पुढे आणू नका.

दुसरी गोष्ट तुमच्या कार्यालयातली. नॉर्वेने १९९३ मध्ये पालकत्व रजेचे चार आठवडे केवळ वडिलांसाठी राखून ठेवले. त्या धोरणानंतर ज्यांना मुले झाली, त्या जोडप्यांमध्ये अनेक वर्षांनीही घरकामावरून होणारे वाद कमी असल्याचे आणि कपडे धुण्याचे काम अधिक समान वाटले गेल्याचे आढळले. तुमची मुले त्या वयापुढे गेली असली, तरी घरातील सवयी वडिलांच्या नोकरीतील बदलाने खरोखर बदलतात हे त्यातून दिसते. कामाच्या वेळांवर कर्मचाऱ्यांचे नियंत्रण वाढवले आणि वरिष्ठांना त्यांच्या कौटुंबिक गरजांची दखल घ्यायला शिकवले, तर घर आणि काम यांतील ओढाताण कमी होते, हे एरिन केली, फिलिस मोएन आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या कंपनीत गट पाडून केलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून सिद्ध झाले आहे. तेव्हा आठवड्यातून दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळी निघण्याची परवानगी याच आठवड्यात मागा. मागताना अवघडल्यासारखे होईल आणि वरिष्ठांच्या चेहऱ्यावर नाराजीही दिसेल. तुमची पत्नी हे किती वर्षे सोसत आली असेल, याचा अंदाज तुम्हाला त्याच वेळी येईल.

तिनेही आपल्या कार्यालयाकडे उत्तरासाठी मुदत वाढवून मागावी, आणि नव्या पदावरील कामाचे तास, प्रवास, संध्याकाळच्या बैठका, आठवड्यातून किती दिवस घरून काम करता येईल, हे सारे लेखी विचारून घ्यावे. 'विभागप्रमुख' या शब्दाचे दडपण कामाच्या प्रत्यक्ष तपशिलापेक्षा पुष्कळदा मोठे असते. तिचा थकवा झोपेनेही जात नसेल, तर वैद्यकीय तपासणी आधी करून घ्या.

हे सगळे करूनही, दोन-तीन महिन्यांनी, तिला नोकरी सोडावीशीच वाटली, तर तो निर्णय मी आजच्यापेक्षा कितीतरी अधिक तिचा मानेन. त्या दिवशी तिच्या नावावर दरमहा किती बचत जमा होईल आणि परत कामावर रुजू होण्यासाठी कोणत्या ओळखी व कौशल्ये टिकवून ठेवावी लागतील, हे दोघांनी कागदावर लिहून काढा, आणि राजीनाम्याचे पत्र त्यानंतरच द्यावे.