इकिनेशिया कुंडीत, पाऊस पडवीत

मागच्या अंकात सहज एका ओळीत लिहून गेले की माझ्या पडवीत इकिनेशियाच्या दोन कुंड्या आहेत, आणि पोस्टमनदादा रोज बेड्यातून आत यायला लागले. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पत्रं आहेत, आणि सगळ्यांचं विचारणं एकच, सर्दीवरचं ते अमेरिकन औषध घरी लावता येईल का. लावता येतं हो. फक्त ते झाड आपल्या हवेचं ऐकत नाही आणि सर्दी त्या झाडाचं फारसं ऐकत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर मला बोल लावायला नको. आता एकेक पत्र घेते.

ताई, दिरांनी अमेरिकेतून बियांची पुडी आणली. जूनमध्ये भाताचा तरवा टाकला तेव्हाच वाफ्यात हेही टाकलं. वीस दिवस झाले, एक कोंब नाही. बी जुनं दिलं की काय? (गुहागरहून एक वहिनी)

वहिनी, दिरांवर संशय नको. भात आणि हे, दोघांच्या गावात सात समुद्रांचं अंतर आहे. इकिनेशिया हे मिसूरी, कॅन्सस तिकडच्या माळरानातलं झाड, तिथे वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस झाला तरी पुष्कळ म्हणतात आणि आपल्याकडे रत्नागिरीत तीन हजारांच्या वर पडतो, तोही चार महिन्यांत. तिकडे बी थंडीत बर्फाखाली झोपतं आणि मग उगवतं. आपल्याकडे ती थंडी फ्रीजमध्ये द्यायची. ओल्या टिश्यूत बी गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या डब्यात घालायचं, खालच्या भाजीच्या कप्प्यात तीन-चार आठवडे ठेवायचं. फ्रीझरमध्ये नाही हं! आणि डब्यावर चिठ्ठी लावा, आमच्याकडे ह्यांनी काहीतरी नासलंय म्हणून टाकून दिलेलं, पहिली बॅच तिथेच गेली. जांभळ्या जातीचं बी, परप्युरिया म्हणतात ती, तशी थंडीशिवायपण थोडंफार उगवते पण अर्धवट, आज एक तर पंधरा दिवसांनी दुसरं.

पेरायचं नवरात्र झाल्यावर, पाऊस माघारी गेला की. बी वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर माती, त्याला उजेड लागतो, खोल पुरलंत तर बसलंच आत. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात आणि त्याच रात्री गोगलगायींनापण दिसतात. मी टॉर्च घेऊन हाताने वेचते, दुसरा उपाय मला जमलेला नाही.

आणि एक, बाहेरदेशातून बी आणायला आपल्याकडे प्लांट क्वारंटाईनचे नियम आहेत, २००३ चा आदेश आहे त्याचा, बॅगेत टाकून आणलं असं चालत नाही. इथल्या बियाणेवाल्यांकडे ऑनलाईन मिळतं, दिरांना पुढच्या वेळी चॉकलेट आणायला सांगा.

नर्सरीतून "इकिनेशिया" म्हणून १५० रुपयांना रोप आणलं. गणपतीत फुललं, लाल भडक. आई म्हणते ही तर झिनिया. (चिपळूण)

आई बरोबर. मलापण एकदा असंच पिवळं रुडबेकिया गळ्यात मारलेलं, सुंदर होतं, पण ते नव्हे. खऱ्या फुलाच्या मधला गोंडा चपटा नसतो, वर आलेला, तांबूस-केशरी आणि टोकदार असतो. फणसाची अगदी बारकी कुयरी बघितलीय ना, तिच्यावरून हात फिरवल्यावर जसं लागतं तसंच बोटाला लागतं. पाकळ्या फिक्या जांभळ्या आणि जुन्या होतील तशा खाली झुकतात, ओली छत्री उलटी टांगल्यासारख्या. नावच मुळी ग्रीक एकिनोसवरून आलंय, म्हणजे काटेवाला, जमिनीवरचा हेजहॉग आणि समुद्रातला काटेरी गोळा दोघांनापण ते तोच शब्द वापरायचे. पान खरखरीत, टोकाला निमुळतं, आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे पानाचा किंवा देठाचा तुकडा चावला की जिभेला बारीक झिणझिण्या येतात. झिनियाला येत नाहीत. पण ओळख पटल्याशिवाय नर्सरीतलं काही चावू नका, औषधं मारलेली असतात.

अंगणात तुळशीच्या शेजारी लावलं. मेपर्यंत छान होतं, जुलैत पानं पिवळी पडून झोपलं. खत कमी पडलं का? (देवगड)

खत नाही, पाणी जास्त झालं. माझं पहिलं रोप असंच गेलं, तुळशीच्याच बाजूला. उपटून बघितलं तर मूळ काळं, बोटांत धरलं की साल सुटून यायची आणि वास म्हणजे नारळाची सोडणं कुजत घातलेल्या खाडीचा! हे झाड दुष्काळ सोसतं, पाय ओले सोसत नाही.

आता मी करते ते सांगते. बारा इंची मातीची कुंडी, खाली भोक मोठं, तळाला जांभ्याचे तुकडे. मग दोन भाग आपली तांबडी माती, एक भाग वाळू (खाडीची नको, खारी असते), एक भाग जुनं शेणखत. आपली माती आंबट, ह्याला तेवढी आंबट आवडत नाही, म्हणून चुलीतली मूठभर राख. कुंडी दोन चिऱ्यांवर चढवायची म्हणजे बुड सुटं राहतं, आणि जून लागला की पडवीत आत, पागोळी जिथे पडते तिथून हातभर तरी लांब. पूर्वेचं ऊन मिळेल अशी जागा. पावसाळ्यात मी आठवड्यातून एकदाच पाणी घालते, तेही माती बोटाने चाचपून.

एवढं करून झाड जगतं पण खूश होत नाही, खरं ते सांगायला हवं. त्याला हिवाळ्यात पानं टाकून झोपायचं असतं आणि आपल्याकडे जानेवारीत रात्री १८-१९ डिग्री, त्यात कुठली झोप. दुसरं म्हणजे फुलायला त्याला दिवस मोठा लागतो, १४ तासांच्या आसपास असला की बरं फुलतं. आपला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या किंचित वर, आणि तो येतो जूनमध्ये, जेव्हा सूर्यच दिसत नाही. म्हणून फोटोतल्यासारखा ताटवा मनातून काढून टाका. मला दुसऱ्या वर्षी मे महिन्यात दोन कुंड्यांत मिळून पाच फुलं आली, आणि मी ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. आंबोलीला थंडी बरी असते म्हणून कोणी विचारेल, पण तिथला पाऊस आपल्यालाही लाजवतो.

काढायचं कधी आणि काय? मूळ चांगलं असं ऐकलं. आणि टिंक्चर, म्हणजे दारूतला अर्क, फेणीत केलं तर चालेल का? आमच्याकडे सोय आहे. (वेंगुर्ल्याचे एक काका)

काका, सोय आहे ते पत्राच्या सुरावरूनच कळलं.

मूळ तीन-चार वर्षांच्या झाडाचं काढतात, तेही पानं वाळल्यावर, शरदात. आपल्याकडे झाड तेवढं टिकतच नाही आणि पानंही वाळत नाहीत, म्हणून मूळ विसरा. जांभळ्या जातीचा पाला आणि फूलपण औषधाला वापरतात, जर्मनीत तर फुललेल्या ओल्या झाडाचा रसच काढतात. ती गोष्ट मजेची आहे. १९३० च्या दशकात मडाउस नावाचे जर्मन औषधवाले बी मिळवायला निघाले अरुंद पानाच्या जातीचं, कारण अमेरिकेतले मूळचे लोक आणि नंतरचे डॉक्टर ती वापरत होते, दातदुखीला, घशाला, सर्पदंशालासुद्धा. हाती आलं ते जांभळ्या जातीचं. ते लावलं, त्याचंच औषध केलं, आणि आज बाजारातल्या बऱ्याच बाटल्या त्या चुकामुकीच्या पोटच्या आहेत.

फूल पूर्ण उघडलं की सकाळी दव सुकल्यावर देठासकट कापायचं, सोबत वरची पानं. झाडाचा तिसरा हिस्सा घ्या, जास्त नको. सुकवायचं शिमग्यापासून मेच्या मध्यापर्यंत, सुपात पसरून, सावलीत, पंख्याखाली. उन्हात रंग जातो. पावसात सुकवायला जाऊ नका, पापड-फेण्यांना बुरशी येते तिथे हा पाला काय टिकतो! मधला गोंडा जाड असतो, तो उभा चिरून घ्या नाहीतर बाहेरून कडकडीत आणि आत दमट राहतो, माझी अख्खी बरणी त्यामुळे गेली, झाकण उघडलं तर आत पांढरी लव. पान चुरलं की चुरा झाला पाहिजे, मग काचेच्या बरणीत. वास गेला, जिभेला झिणझिणी येईना, की टाकून द्या.

फेणीचं म्हणाल तर, झिणझिण्या आणणारी जी द्रव्यं असतात, अल्किलामाईड, ती पाण्यापेक्षा दारूत चांगली उतरतात, आणि काजूची फेणी साधारण ४०-४५ टक्क्यांची असते, म्हणजे ताकदीला हरकत नाही. सुका पाला एक भाग, फेणी पाच भाग, चार आठवडे अंधारात, रोज हलवायचं, मग फडक्यातून गाळायचं. पण फेणीचा वास सगळ्यावर मात करतो, आणि थेंबाथेंबाने घ्यायचं ते काका, पेल्याने नाही. गोव्यातून ती इकडे आणायला परमिट लागतं हेपण तुम्हाला माहीतच असेल. आणि रबिंग स्पिरिट, सॅनिटायझर असलं काही कोणीही वापरू नये, त्याने डोळे जातात, जीव जातो.

दारू न चालणाऱ्यांनी एक चमचा सुका पाला कपभर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवावा, गाळून प्यावा. चव गवताची आहे. मी आलं आणि गवती चहाची दोन पाती घालते, आणि खरं सांगू, मग बरं वाटतं ते आल्याने की ह्याने ते मला आजवर कळलेलं नाही.

सासूबाईंना संधिवात आहे, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू आहे. मुलगा पाच वर्षांचा, सारखी सर्दी. दोघांना काढा देऊ का? प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात. (महाड)

दोघांनाही नको.

सासूबाईंची ती आठवड्याची गोळी बहुतेक मेथोट्रेक्सेट असणार, ती प्रतिकारशक्तीला आवर घालायला दिलेली असते, कारण ह्या प्रकारच्या संधिवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. एका हाताने आवर आणि दुसऱ्या हाताने चिथावणी असं होईल, शिवाय त्या गोळीचा लिव्हरवर भार असतोच. मुलाचं म्हणाल तर ब्रिटनच्या औषध खात्याने २०१२ सालीच सांगितलंय की बारा वर्षांखालच्या मुलांना हे पोटात देऊ नये, फायदा थोडा आणि अ‍ॅलर्जीची भीती. ज्यांना शेवंती-झेंडूने शिंका येतात, अंगावर उठतं, त्यांनीपण लांब राहावं, हे त्याच कुळातलं आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. धडधाकट मोठ्या माणसानेसुद्धा सलग दहा दिवसांच्या वर घेऊ नये असं युरोपात सांगतात.

आता ते प्रतिकारशक्तीचं. २०१४ साली कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे औषधांच्या चाचण्या तपासून बघणाऱ्या संस्थेने, २४ चाचण्या एकत्र करून बघितल्या, साडेचार हजारांवर माणसं होती, सर्दी बरी होते असं ठामपणे काही निघालं नाही, ह्यापासून केलेल्या काही औषधांचा थोडा उपयोग असेल इतपत. अमेरिकेत २०१० मध्ये ७१९ जणांवर करून पाहिलं तर सर्दी सरासरी अर्धा दिवस लवकर गेली, आणि तेवढा फरक नुसत्या योगायोगानेपण पडू शकतो. अर्धा दिवस! आमची आजी म्हणायची सर्दी औषधाने सात दिवसांत जाते आणि तशी ठेवली तर आठवड्यात.

"घरचं आहे, अपाय काय होणार" हे वाक्य मला फार भिववतं. गुळवेल आपल्या गडग्यावरची, पण कोविडच्या वर्षात लोकांनी ती महिनोन्‌महिने प्यायली आणि २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी सहा जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की दिसायला सारखी दुसरीच वेल असेल. असेल. पण मग गडग्यावरची कुठली ते तुम्हीआम्ही कसं ओळखणार?

आणि महाडकर, तुमच्याकडे तर पूर येतो म्हणून जास्तच सांगते. पावसात अंगात ताप भरला, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत आणि माणूस शेतात नाहीतर पुराच्या पाण्यात उतरलेला आहे, तर ती सर्दी नाही, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, असू शकतो. डेंगू, मलेरिया आहेतच. तिथे कसलाही काढा उकळत बसू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि चिखलात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टोवर साध्या अँटिबायोटिकचा चांगला उपयोग होतो, पण वेळेत सुरू झाली तर.

आमच्या पाटाच्या कडेला पिवळ्या बटणासारखं फूल येतं, चावलं की तोंड बधिर होतं. तेच का हे? (दापोलीजवळून)

ते नव्हे, पण चुलतभाऊ म्हणा. तो अक्कलकारा, निदान आपल्याकडे त्यालाच अक्कलकारा म्हणतात, वैद्यांचा खरा अक्कलकारा वेगळा, उत्तर आफ्रिकेकडचा. तुमच्या फुलातलं स्पायलॅन्थॉल पण अल्किलामाईडच, आणि इकिनेशियापेक्षा कितीतरी झणझणीत. लहानपणी आम्ही एकमेकांना फसवून खायला घालायचो, लाळ गळायची नुसती. दात ठणकत असेल तर एक फूल दाढेखाली धरा, डेंटिस्टकडे पोचेपर्यंत बरं पडतं. पाटाकडचं धुऊन घ्या. आणि हे आपोआप उगवतं, कुंडी नको, फ्रीज नको, पावसात उलट जोमाने येतं, त्यामुळे नुसती झिणझिणीच हवी असेल तर इकिनेशियाचा सोस कशाला.

ताई, तुमच्याकडचं थोडं बी मिळेल का? माझ्याकडे एकच झाड आहे, फुलं येतात पण बी पोचट निघतं. (रत्नागिरी)

एकटं आहे म्हणून पोचट. ह्याला स्वतःचे पराग चालत नाहीत, शेजारी दुसऱ्या बियांपासून झालेलं झाड लागतं, मग फुलपाखरं-मधमाश्या बाकीचं बघतात. ह्या वर्षीच्या पाच फुलांतली तीन मी न काढता झाडावरच काळी पडू दिलीत, त्यात जे भरेल त्यातलं अर्धं तुमचं. दिवाळी झाली की मासिकाच्या पत्त्यावर तिकीट लावलेलं पाकीट पाठवा. गोंडा हाताने चोळू नका, टोचतं, आमच्याकडे मी तो पिशवीत घालून वर लाटणं फिरवते.