दवाखान्यावरचा बोर्ड बदलला, आता दाखवायचं कुणाला?

या महिन्याचा विषय मी निवडलेला नाही, पत्रांनीच निवडला. नेहमी गुडघे, अ‍ॅसिडिटी, केस गळणं असं काय काय येतं, यावेळी मात्र निम्म्याहून जास्त पत्रं एकच विचारतायत, आमचे डॉक्टर गेले आता आम्ही जायचं कुठे. बाकीच्यांनी राग मानू नका, गुडघे पुढच्या महिन्यात.

प्रश्न : बाजारपेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी मे महिन्यात दवाखाना बंद केला आणि मुलाकडे पुण्याला गेले. जागा एका कंपनीनं घेतली. काचेचं दार, एसी, टोकन, सगळं चकाचक. पण दर वेळी खुर्चीत माणूस वेगळा. सासूबाईंना बीपी आणि शुगर दोन्ही, प्रत्येक नवीन डॉक्टर गोळी बदलतो नि रक्त परत तपासायला सांगतो. आता त्या म्हणतात मी जाणारच नाय, त्यांना माझं नाव पण माहीत नाय. काय करू? (एक वाचक, गुहागर तालुका)

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, त्या अगदी मुद्द्याचं बोलल्यात. मी 32 वर्षं तालुक्याच्या गावात दवाखाना चालवला, माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता, बुटांच्या खोक्यात वाडीवार लावलेली कार्डं होती. त्या कार्डावर औषधं असायचीच, पण कोपऱ्यात पेन्सिलनं आणखी काहीबाही लिहिलेलं असायचं, "सासूसमोर बोलत नाही", "गोळ्या अर्ध्या खातो, पैसे वाचवतो", "मुलगा दुबईला, 2 वर्षं फोन नाही". ही पेन्सिल म्हणजेच फॅमिली डॉक्टर, बाकी बीपी मोजायचं मशीन काय कुणीही आणतो. रोज नवा माणूस बसला की ती पेन्सिल जाते. नव्या डॉक्टरला तुम्ही कोण हे माहीत नाही, जुन्या रिपोर्टवर त्याचा भरवसा नाही, म्हणून तो परत तपासायला लावतो. प्रत्येक वेळी त्यात लबाडी असतेच असं नाही, कधी नुसती भीती असते. आणि लॅबपण त्याच छपराखाली असेल तर काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

खरा धोका पैशांपेक्षा गोळ्यांत आहे. माझ्याकडे एक आजी यायच्या, दोन ठिकाणी दाखवायच्या. न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या, मनगट मोडलं. पिशवी उलटी केली तर दोन वेगवेगळ्या नावांची पाकिटं, मागची बारीक अक्षरं वाचली तर दोन्हीत अम्लोडिपीनच, म्हणजे बीपीची एकच गोळी दोनदा. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते, चूक कुणाचीच नाही आणि आजीचा हात प्लास्टरमध्ये.

म्हणून आजच एक 100 पानी वही घ्या. पहिल्या पानावर सासूबाईंची सगळी औषधं, पण कंपनीच्या नावानं नाही, पाकिटावर खाली जे औषधाचं मूळ नाव असतं त्या नावानं. पुढे तारीख, बीपी, शुगर, कोणता डॉक्टर, त्याचा रजिस्ट्रेशन नंबर. तो नंबर चिठ्ठीवर असायलाच हवा, नसेल तर मागा, लाजू नका. कागदपत्रं आपली असतात, मागितल्यापासून 72 तासांत द्यावीत असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे, 2002 पासून. त्या जुन्या डॉक्टरांना पुण्याला एक फोन करून सासूबाईंचं काय काय चालू होतं तेही विचारून घ्या, ते नक्की सांगतील, आम्हाला पेशंट विसरता येत नाहीत. कंपनीच्या काउंटरवर सरळ विचारा, ठरावीक वारी ठरावीक डॉक्टर बसतो का, बसत असेल तर त्याच वारी जा. नसेल तर बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी तुमचं प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी, आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या केंद्रांत आणि दवाखान्यांत केसपेपरचे पण पैसे नाहीत. रांग आहे, मान्य. पण तिथली सिस्टर आणि आशा तुमच्याच गावच्या, त्यांना सासूबाईंचं नाव माहीत असतं.

आणि एक कबूल करतो. आम्ही जुने डॉक्टर काही देवमाणसं नव्हतो, साध्या सर्दीला इंजेक्शन ठोकणारे आमच्यातही होते आणि पेशंटलाही तेच हवं असायचं. कंपनीला शिव्या घालणं सोपं आहे, पण कंपनीनं कुणाला उठवलं नाही, खुर्ची आधीच रिकामी होती. तुमच्या डॉक्टरांचा मुलगा एमबीबीएस करून परत का नाही आला? कारण नुसत्या एमबीबीएसला आता कुणी विचारत नाही, पोरं पास झाली की लगेच पीजीच्या नीटच्या मागे, मग स्पेशालिस्ट, मग शहर. माझी मुलगी? मुंबईत रेडिओलॉजिस्ट. मी कुठल्या तोंडानं बोलणार.

प्रश्न : आमच्या गावात अशी चर्चा आहे की पीएचसी खाजगी कंपनीला देणार. ग्रामसभेत विचारलं तर कुणालाच धड माहिती नाही. हे खरं असतं का, आणि झालंच तर अडवता येतं का? (देवगड)

तुमच्या केंद्राचं काय ठरलंय ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण चर्चा आणि कागद यात फरक असतो तेवढा आधी करू. "खाजगी झालं" या एका शब्दात लोक चार गोष्टी कोंबतात. 108 ची गाडी घ्या, ती 2014 ला सुरू झाली तेव्हापासून खाजगी कंपनीच कंत्राटावर चालवते, पैसे सरकार देतं, आपल्याला फुकट. आपण कधी म्हटलं का की अ‍ॅम्ब्युलन्स खाजगी झाली? बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस पण असंच. साफसफाई, सिक्युरिटी तर केव्हाचीच ठेकेदाराकडे. मग माणसं, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातले (एनएचएमवाले) कंत्राटी डॉक्टर-सिस्टर, जे 2023 च्या ऑक्टोबरमध्ये कायम करा म्हणून संपावर गेले होते. त्याच वर्षी सरकारी पदं खाजगी एजन्सीमार्फत भरायचा जीआर सप्टेंबरमध्ये निघाला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला, हे पण लक्षात ठेवा, ओरडून काहीच होत नाही असं नाही. चौथी गोष्ट म्हणजे अख्खं केंद्र चालवायलाच देणं, आणि तुमचा प्रश्न बहुतेक तो आहे.

पीएचसी जिल्हा परिषदेची असते. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय मात्र झेडपीचं नाही, ते राज्य सरकारचं, जिल्हा शल्य चिकित्सकांच्या हाताखाली. निम्मे अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन मरतात म्हणून सांगतो. तुमचा अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात. माहिती अधिकारात करा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 150 शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "खाजगीकरण होणार आहे का" असं विचारू नका, "नाही" एवढंच उत्तर येईल. असं विचारा, या केंद्राच्या सेवांबद्दल कुठल्या संस्थेशी करार किंवा प्रस्ताव आहे का, असेल तर त्याची प्रत द्या. आणि मंजूर पदं किती, भरलेली किती, हे पण मागा, ते याच विषयात बसतं.

प्रत हातात आली की मालक कोण हे शेवटी बघा. आधी हे बघा की रात्रीचा डॉक्टर लिहिलाय का, बाळंतपण करणार का, विंचू-सापाची इंजेक्शनं कुणी ठेवायची, डॉक्टर महिनाभर आलाच नाही तर दंड किती, आणि करार मधेच मोडून कंपनी निघून गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी दार कोण उघडणार. माझा सगळा राग या शेवटच्या ओळीवर आहे, कारण ती ओळ विसरली जाते. एका गावात ट्रस्टनं दवाखाना चालवायला घेतला, तीन वर्षांनी परवडत नाही म्हणून सोडला, तोपर्यंत बाजारातला एकुलता एक डॉक्टर धंदा बसला म्हणून गाव सोडून गेलेला. दोन्ही गेले. पावसाळा होता, दाभोळची फेरीबोट रात्रीची नसते, लोकांनी लांबचा रस्ता धरून पेशंट नेले.

प्रश्न : भात लावणीनंतर ताप आला, बाजूला डॉक्टर नाही म्हणून मुलानं मोबाईलच्या अ‍ॅपवर मुंबईतल्या डॉक्टरशी बोलून दिलं. व्हायरल आहे म्हणाले, पॅरासिटामोल. चौथ्या दिवशी डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की उभं राहता येईना. शेवटी कुडाळला अ‍ॅडमिट, लेप्टो निघाला. आता बरा आहे. अ‍ॅपवाल्याची तक्रार करावी का? (कुडाळ तालुका)

बरे झालात हे महत्त्वाचं. तक्रार करा की, पण त्या डॉक्टरनं काय विचारलं आठवतंय का? मी पैज लावतो की "कुठे प्रवास केलात का" असं विचारलं असेल, "लावणीला उतरला होतात का" हे नाही. लेप्टो उंदीर-गुरांच्या मुतातून चिखलात येतो आणि पायाच्या भेगांतून आत शिरतो. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही जुन्या डॉक्टरला जुलै-ऑगस्टचा ताप, लाल डोळे आणि पोटऱ्या म्हटलं की बाकी ऐकायच्या आधीच लेप्टो सुचतो. आरोग्य खातं त्या दिवसांत लेप्टो टाळायला डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतं ते उगाच नाही, पुढच्या वर्षी आशाताई देईल तेव्हा खिशात ठेवून विसरू नका. दोडामार्गकडे तर 2016 पासून माकडतापही आहे, त्याला काजूच्या बागेत गेला होतात का, माकड मेलेलं दिसलं का, हे विचारावं लागतं. हे प्रश्न पुस्तकात असतात पण सुचतात तिथेच राहणाऱ्याला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, लाल विंचवानं माणसं मरताना बघत बसले नाहीत, टिपणं काढत राहिले आणि लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं, पुढे प्राझोसिन हे बीपीचं औषध देऊन जीव वाचायला लागले. 2022 ला पद्मश्री मिळाली. अ‍ॅपवर बसून हे झालं असतं का?

तरी मी अ‍ॅपच्या विरोधात नाही हां. सरकारचं ई-संजीवनी आहे, फुकट आहे, नेहमीच्या गोळीच्या चिठ्ठीसाठी किंवा स्किनवाल्याला दाखवायला ठीक. पण शेतातून आलेल्या माणसाचा ताप दोन दिवसांच्या वर गेला तर गाडी काढा, रक्त द्या.

प्रश्न : दोडामार्गहून आम्ही पिढ्यानपिढ्या गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात, बांबोळीला जातो, आता तिथे पैसे घेतात. हे कायदेशीर आहे का?

आहे. गोव्यानं 2018 च्या जानेवारीपासून बाहेरच्यांना फी लावली, त्यांचं हॉस्पिटल, त्यांचा निर्णय. सिंधुदुर्गचं स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज 2021 ला झालं, ओरोसला, आधी तिथे विचारा, आणि मोठं ऑपरेशन असेल तर महात्मा फुले योजनेत आपल्या बाजूचं कुठलं हॉस्पिटल बसतं ते 155388 वर फोन करून विचारा. इमर्जन्सीत मात्र यातलं काही करू नका, बांबोळी जवळ असेल तर बांबोळी. पैशांचं नंतर बघू.

प्रश्न : मुलगी लंडनला असते, म्हणते तिथेपण साध्या जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळत नाही आणि दवाखाने अमेरिकन कंपन्या घेतायत. मग तिथलं सरकारी काय कामाचं? (रत्नागिरी)

तिथे गंमत अशी आहे की हॉस्पिटलं सरकारी झाली पण जीपी 1948 पासूनच कंत्राटदार, स्वतःचा दवाखाना चालवतात नि सरकार पेशंटमागे पैसे देतं. दवाखाना मुळातच खाजगी, मग विकला जाऊ शकतोच ना. 2021 ला सेंटीन या अमेरिकन विमा कंपनीच्या तिथल्या शाखेनं लंडनमधली दवाखान्यांची एक मोठी साखळी घेतली, साडेतीन लाखांहून जास्त पेशंट एका सहीनं इकडचे तिकडे, आणि 2023 संपता संपता तो सगळा धंदा दुसऱ्याला विकून कंपनी मोकळी. पेशंटना कुणी विचारलं नाही. मुलीला सांगा, निदान तिची फाईल तिथे तिच्यासोबत जाते, आपल्याकडे तुम्हाला वही घालायला लागते.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या केंद्रावर बॉण्डवाला नवीन डॉक्टर येतो आणि वर्ष पुरं व्हायच्या आत गायब. थांबवायचं कसं? (राजापूर तालुका)

बॉण्ड, म्हणजे सरकारी कॉलेजात शिकल्यावर सरकारी सेवा करायची हमी, वर्षाचाच असतो, मोडला तर 10 लाख भरायचे, आणि भरणारे भरतात. त्यामुळे धाक दाखवून कुणी राहत नाही. मी तुम्हाला उलटं विचारतो, त्या पोराचं क्वार्टर आतून पाहिलंत का कधी? आपल्याकडे येणारी बरीच मुलं घाटावरची, मराठवाड्यातली, जूनमध्ये रुजू होतात आणि पहिल्याच आठवड्यात गादीवर पाणी गळतं, संडासाचं दार लागत नाही, नेट नाही, जेवणाचा डबा कोण देणार माहीत नाही, त्यात "माका बरा वाटना नाय" म्हणजे काय ते कळत नाही. वर एखादा पेशंट दगावला की तुमचेच लोक अंगावर जातात. मुलगी असेल तर तिथे रात्री एकटी कशी राहणार? पहिल्या दिवशी सरपंचांनी जाऊन भेटा, हार नको, डबा द्या. दारू पिऊन रात्री दार वाजवणाऱ्या दोन-चार जणांना गावानंच समज द्यायची. रुग्ण कल्याण समितीची मीटिंग खरंच घ्या, नुसत्या सह्या नको, किरकोळ दुरुस्ती त्या पैशातून होते. मोठ्या कामाला झेडपीकडे पत्र लावा पण त्याची वाट बघत बसू नका. आणि क्वार्टरवरची कौलं मेमध्येच शाकारून घ्या.