सगळ्यांच्या बोटी हुबेहूब सारख्या असतील, तर लेझरच्या शर्यतीत चुरस कसली?

बोटी सारख्या असतात म्हणूनच तर चुरस! मी मुंबई बंदरात काही वर्षं लेझर ही शिडाची छोटी बोट चालवली आहे, त्या अनुभवावरून सांगतो.

१९६९ मध्ये बोटींचे रचनाकार ब्रूस कर्बी यांनी बोटी बांधणाऱ्या इयन ब्रूस यांच्याशी फोनवर बोलता बोलता या बोटीचं पहिलं रेखाटन केलं. गाडीच्या टपावरून नेता येईल अशी साधी बोट हवी होती. लांबी ४.२३ मीटर, सांगाड्याचं वजन जेमतेम ५९ किलो, माणूस एक आणि शीडही एकच. १९९६ पासून ती ऑलिम्पिकमध्ये आहे. आता तिला आयएलसीए म्हणतात, पण आमच्या तोंडी लेझरच बसलंय.

डोलकाठीला आधाराच्या तारा नाहीत, त्यामुळे ती वाकते. वारा वाढला की व्हँगची, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा खाली ओढणारी, दोरी ताणायची. काठी वाकते, शीड सपाट होतं, बोट आवरते. मग पट्ट्यात पाय अडकवून अख्खं अंग पाण्यावर बाहेर झोकायचं. पाच मिनिटांत मांड्या पेटतात, तरी शीड सोडायचं नाही.

खरी शर्यत पाणी वाचण्याची. एका दुपारी वायव्येचा वारा होता आणि ओहोटी लागलेली. वाऱ्याकडच्या बोयाकडे, म्हणजे वळण घ्यायच्या तरंगत्या खुणेकडे, जाताना मी खोल पाण्यातून निघालो. माझ्या मागची दोन पोरं किनाऱ्याला चिकटून गेली. उथळ पाण्यात ओहोटीची उलटी ओढ कमी असते. मी बोयाला पोचेपर्यंत ती वळून खाली निघालीसुद्धा होती. बोट तीच, शीड तेच. त्या दिवसापासून मी भरती-ओहोटीची वेळ पाहिल्याशिवाय पाण्यात उतरलो नाही.

एक गोष्ट मात्र कुणालाही सारखी करता येत नाही, ती म्हणजे अंगाचं वजन. ७.०६ चौरस मीटरचं शीड हलक्या माणसाला जोरदार वाऱ्यात झेपत नाही. त्यावर तोडगा फार सुंदर आहे: सांगाडा तोच, शीड ५.७६ चौरस मीटरचं. तीच रेडियल. भारताची नेत्रा कुमनन टोकियो ऑलिम्पिकला तीच घेऊन उतरली. मोठ्या शिडाच्या लेझरमध्ये भारताच्याच विष्णू सरवणननं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं.

तुम्हाला शिकायचं असेल, तर पहिल्याच दिवशी बोट मुद्दाम उलटवून घ्या आणि सेंटरबोर्डवर, म्हणजे बोटीच्या तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीवर, उभं राहून सरळ करा. ती भीती गेली की वाऱ्याकडे लक्ष देता येतं.