दुकानदारांचे प्रश्न : ‘माले जमत नही रे भाऊ’

प्रश्न : चोपड्यात माझं टीव्ही-मोबाइलचं दुकान आहे. दिवाळीपासून गेमिंग कन्सोलही (टीव्हीला जोडून गेम खेळायची मशीनं) ठेवतो. डेमोच्या मशीनवर कॉलेजची पोरं तास-दोन तास फुकट खेळतात आणि निघून जातात. ज्यांच्या खिशात पैसा आहे ते केळीवाले, मास्तर, बँकेतले लोक ‘पोरांचं खूळ’ म्हणून पुढे सरकतात. आयुष्यात गेम न खेळलेल्या गिऱ्हाइकासाठी जाहिरात करावी तर कशी? – एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, पत्रासोबत बोर्डाचा फोटो पाठवलात ते बरं केलं. ‘फोर-के, १२० एफपीएस, १ टीबी’. हे वाचून आत येणारा माणूस तुमच्याआधी ऑनलाइन भाव बघून आलेला असतो. ज्याला तुम्हाला बोलवायचंय, त्याला तो बोर्ड खताच्या गोणीवरच्या आकड्यांइतकाही कळत नाही.

नव्वदच्या दशकात जळगावला मी समुराई आणि मीडिया या नावांचे व्हिडिओ गेमचे डबे विकले. तेव्हा जिभेला त्रास नव्हता. कॅसेट खुपसली, मारिओ धावला, पोरानं बापाची पँट ओढली, सौदा झाला. संध्याकाळी बापही एक डाव खेळून बघायचा. पुढे मशीनं महागली, रिमोटवर बटणं वाढत गेली आणि बाप खुर्ची मागे ओढून बसला.

हे निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीनं ओळखलं. २००६ साली सोनीचं पीएस-३ (प्लेस्टेशन-३) अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आलं, त्याच महिन्यात निन्टेन्डोनं ‘वी’ (Wii) नावाचं मशीन २५० डॉलरला काढलं. ताकदीनं ते कमीच होतं. पण रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा, एका हातात मावणारा. हात फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरायची. अमेरिकेत तर टेनिस-बोलिंगचा खेळ डब्यातच मिळायचा, वेगळा घ्यायला नको. जाहिरातीत गेमपेक्षा दिवाणखान्यात उभं राहून हातवारे करणारी घरची माणसं दाखवली. अशी १० कोटींवर मशीनं खपली.

माझा भाचा २००८ साली अमेरिकेहून एक वी घेऊन आला. मी हौसेनं वायर लावली आणि जळका वास. तिथला अडॅप्टर ११०-१२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. (परदेशातून आलेलं काहीही विकताना आधी अडॅप्टर उलटून वाचा.) दुसरा मिळेपर्यंत आखाजी (अक्षय्य तृतीया) आली. बहीण माहेरी आलेली, अंगणात निंबाला झोका. आईला म्हटलं, खेळ. ती म्हणाली, “माले जमत नही रे भाऊ.” मी लागलो शिकवायला, हे ए बटण, हे बी. तिनं रिमोट खाली ठेवला. बहिणीनं तो उचलून तिच्या हातात दिला. “खालचं बटण दाबून धर, झोक्याला झोका देतेस तसा हात पुढे ने आणि सोड.”

आईनं सोडला. बटण नव्हे, अख्खा रिमोट! तो थेट पितळी तांब्यावर आदळला. मनगटाचा पट्टा मी तिला घातलाच नव्हता. (असे रिमोट जगभर उडाले असावेत, कारण निन्टेन्डोनं २००६ च्या डिसेंबरातच जाड दोरीचे पट्टे फुकट बदलून दिले.) सगळे हसले, सगळ्यात जास्त आई. चौथ्या वेळी तिनं दहाही बाटल्या पाडल्या. ओसरीवर आखाजीचे पत्ते कुटत बसलेले माझे काका ‘हाई काय शे?’ म्हणत आत आले आणि जेवायची हाक येईपर्यंत हलले नाहीत.

पत्ते कुटणारा माणूस खेळाडूच असतो हो. त्याला खेळ नको नसतो, पोरासमोर फजिती नको असते. म्हणून डेमो तुम्ही खेळून दाखवू नका. पोरांना तर अजिबात खेळवू नका, त्यांची सफाई बघून बाप आणखी बिचकतो. बाजाराच्या दिवशी एक मशीन पोरांसाठी बंद. हात हलवून खेळायचा साधा खेळ लावा, दोन रिमोट ठेवा, एक नवऱ्याच्या हातात द्या, एक बायकोच्या. मग तुम्ही बिल फाडायच्या निमित्तानं काउंटरमागे जा.

‘लुडो तर फोनवर फुकट आहे’ हे ऐकाल. खरंच आहे, असा हौशी गिऱ्हाईक बराचसा फोननं नेला. त्याला इतकंच विचारा, फोनवर एक जण खेळतो तेव्हा बाकीचे काय करतात? अभ्यासाचं म्हणाल तर मशीनमध्ये पालकांसाठी वेळेची मर्यादा असते. ती बापाच्याच हातून लावून दाखवा, पासवर्डही त्यालाच टाकू द्या.

नावाचा घोळ टाळा. २०१२ साली त्याच निन्टेन्डोनं ‘वी यू’ काढलं. पुष्कळांना वाटलं, जुन्या वीलाच जोडायची ती नवी पाटी (पडदा असलेला रिमोट) आहे. खप कसाबसा १ कोटी ३५ लाख. तुमच्याकडे एकाच नावाची तीन मॉडेलं शेजारी मांडलेली फोटोत दिसतात. कुठल्याला सीडी लागते, कुठल्याला नाही, हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहा.

आणि हे गिऱ्हाईक वर्षाला चार गेम घेणारं नव्हे. एक घेईल, तोच वर्षभर खेळेल. तुमचा नफा मशीनच्या किमतीतच बघा, नाहीतर जास्तीच्या रिमोटात. आखाजीला लेकी-जावई येतात तेव्हा एका रिमोटवर भागत नाही. पंधरा दिवस आधी माल मागवून ठेवा, पट्ट्यासकट.