वाचकांचे प्रश्न : मोनो, स्टिरिओ आणि पॅनिंग

दोन इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसला (माइक संगणकाशी जोडणारी पेटी) पहिल्या इनपुटमध्ये माइक लावला आहे. ऑडॅसिटीत रेकॉर्ड केलं की आवाज फक्त डाव्या कानात येतो. इंटरफेस खराब आहे का? (नाशिक)

इंटरफेस ठीक आहे. तुमचं सॉफ्टवेअर दोन चॅनेलवर, म्हणजे स्टिरिओत, रेकॉर्ड करतंय. पहिला इनपुट डाव्या चॅनेलवर जातो आणि दुसरा उजव्या, पण दुसऱ्याला काहीच जोडलेलं नाही. एक माइक म्हणजे मोनो (एकाच चॅनेलचा) ट्रॅक, एवढं पक्कं धरा. ऑडॅसिटीच्या ऑडिओ सेटअपमध्ये रेकॉर्डिंग चॅनेल्स '१ मोनो' करा. रीपर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ट्रॅकच्या इनपुट मेनूत 'मोनो, इनपुट १' निवडा.

झालेलं रेकॉर्डिंग वाया गेलेलं नाही. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा आणि रिकामा ट्रॅक काढून टाका. त्याच मेनूतला 'स्प्लिट स्टिरिओ ट्रॅक' घेऊ नका, कारण त्यात पॅन (आवाजाची डावी-उजवी जागा) डाव्या-उजव्या टोकालाच राहतो. 'मिक्स स्टिरिओ डाउन टू मोनो'सुद्धा इथे नको. ती आज्ञा दोन्ही चॅनेलची सरासरी काढते, एक चॅनेल शांत असल्याने आवाज ६ डेसिबलने उतरतो. रीपरमध्ये आयटमवर (रेकॉर्ड झालेल्या तुकड्यावर) एफ२ दाबून चॅनेल मोड 'मोनो लेफ्ट' केला की काम झालं.

विंडोजवर एक गोष्ट तपासून घ्या. काही इंटरफेसचे दोन्ही इनपुट मोनो निवडल्यावर एकत्र मिसळले जातात आणि पातळी निम्मी होते. मग कितीही जोरात गायलं तरी वेव्हफॉर्म (पडद्यावरचा ध्वनीचा आलेख) ०.५ च्या रेषेवर सपाट कापलेला दिसतो. आवाज फाटलेला असतो, पण मीटर लाल होत नाही. असं दिसलं तर स्टिरिओतच रेकॉर्ड करून वरीलप्रमाणे वेगळं करा. फाइल दुप्पट मोठी होईल (४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला मोनो मिनिटाला ८.६४ एमबी, स्टिरिओ १७.२८), पण रेकॉर्डिंग शाबूत राहील.

कीर्तन हँडी रेकॉर्डरवर घेतलं. माइकपासून रेकॉर्डरपर्यंत एक्सएलआर (माइकची तीन पिनांची जोडणी) ते ३.५ मिमी केबल होती. हेडफोनवर बुवांचा आवाज डोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरल्यासारखा वाटतो आणि मोबाइलच्या स्पीकरवर जवळजवळ गायबच होतो. (मिरज)

हा दोष केबलचा आहे, आणि तो फार जणांना छळतो. माइकच्या एक्सएलआर जोडणीत पिन १ ग्राउंड असते. पिन २ आणि ३ वर एकच ध्वनी एकमेकांच्या उलट दिशेने येतो. साध्या केबलमध्ये पिन २ डाव्या चॅनेलला आणि पिन ३ उजव्या चॅनेलला जोडलेली असते. रेकॉर्डरला हा स्टिरिओ सिग्नल वाटतो, त्यामुळे तो उजव्या चॅनेलवर उलटी लहर नोंदवतो. दोन्ही कानांत वेगवेगळं ऐकताना ते पोकळ पण मोठं भासतं. एकाच स्पीकरवर दोन्ही चॅनेल मिसळले की अधिक आणि उणे मिळून शून्य होतं.

खात्री करायला वेव्हफॉर्म इतका मोठा करा की एकेक लहर दिसेल. डावीकडे शिखर आहे तिथे उजवीकडे दरी दिसली, तर निदान पक्कं. उपाय सोपा आहे: दोन्ही वेगळे मोनो करा आणि ज्याची पातळी जास्त तो ठेवा. थेट मोनोत मिसळू नका, उरलासुरला आवाजही जाईल.

पुढच्या वेळी डायनॅमिक माइकसाठी (ज्याला वीज लागत नाही) अशी केबल करून घ्या: पिन २ ही ३.५ मिमी पिनच्या टोकाला आणि मधल्या कड्याला, दोन्हीकडे जोडलेली. पिन १ आणि ३ बुडाच्या भागाला. रेकॉर्डरमधला 'प्लग-इन पॉवर' (माइकला वीज देणारा पर्याय) बंद ठेवा. कंडेन्सर माइक असेल तर ही वाट सोडून फँटम पॉवर (माइकला केबलमधून मिळणारी वीज) देणारा इंटरफेस किंवा एक्सएलआर इनपुटचा रेकॉर्डरच वापरा.

अभंगासाठी तबला-डग्गा दोन माइकने घेणार आहोत. एक स्टिरिओ ट्रॅक करावा की दोन मोनो? आणि पेटी, टाळ, तंबोरा कुठे पॅन करायचे? (फोंडा, गोवा)

दोन मोनो. डग्ग्याचा घुमार आवरायचा असेल किंवा तबल्याची चाट जरा मऊ करायची असेल, तर दोन्हींचा ईक्यू (खर्ज-तीव्र स्वर कमी-जास्त करण्याची सोय) वेगळा हाताशी हवा. स्टिरिओ ट्रॅकमध्ये ते अडचणीचं होतं.

माइक ठेवताना खरी मेहनत करा. दोन माइकमधलं अंतर हे वाद्य ते माइक या अंतराच्या किमान तिप्पट असावं, असा प्रघात आहे. माइक २५ सेंमीवर असेल तर दोन माइकमध्ये ७५ सेंमी हवेत. तबला-डग्गा शेजारी-शेजारी असल्याने ते साधत नाही. म्हणून कार्डिऑइड (समोरचं ऐकणारे, पाठीमागचं टाळणारे) माइक घ्या आणि प्रत्येकाची पाठ दुसऱ्या वाद्याकडे करा. मग दोन्ही ट्रॅक मध्यात ठेवून मोनोत ऐका आणि एकावरचं पोलॅरिटीचं (लहर उलटी करणारं) बटण उलटून पाहा. ज्या स्थितीत डग्गा भरदार वाजेल ती ठेवा. दोन्हींत डग्गा पातळच वाटला तर माइक थोडा हलवून पुन्हा रेकॉर्ड करा. हा दोष नंतर ईक्यूने भरून निघत नाही.

पॅनिंगकडे जाण्याआधी सगळे ट्रॅक मध्यात ठेवून फेडरनेच (पातळीच्या सरकपट्टीनेच) समतोल साधा. मोनोत शब्द स्वच्छ ऐकू आले की मग पसरा. गायक मध्यात. डग्गा मध्यापासून १० टक्क्यांच्या आत (१०० टक्के म्हणजे टोक), कारण खर्ज एका बाजूला गेला की सगळं मिक्स कलल्यासारखं वाटतं. तबला २० ते ३० टक्के. टोकाला टोक पॅन केलं तर एक तबलजी अख्खं व्यासपीठ व्यापतो, आणि घरगुती रेकॉर्डिंगमध्ये हेच सर्वांत जास्त आढळतं. बाजू ठरवताना श्रोत्याच्या जागेवरून विचार करा: उजव्या हाताने वाजवणारा तबलजी समोर बसला असेल तर तबला श्रोत्याच्या डावीकडे येतो. मग पेटी उजवीकडे ३० टक्के. तिला एक माइक पुरतो, फक्त भात्याचा वारा माइकवर येऊ देऊ नका. टाळ ५० टक्के डावीकडे, पातळी मात्र कमी, कारण त्याची धार चटकन शब्दांवर चढते. तंबोरा स्टिरिओत असेल तर पूर्ण पसरून हळू ठेवा. कोरस वेगवेगळ्या वेळी गाऊन घेतला असेल तर तो ७० ते १०० टक्क्यांवर खुशाल न्या.

गायनाचा मोनो ट्रॅक कॉपी करून एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे ठेवला. स्टिरिओ का होत नाही? (पुणे)

दोन्हीकडे तेच असेल तर कान ते मध्यातच ऐकतो. पॅन लॉ (मध्यात ठेवलेला आवाज किती कमी करायचा ही सेटिंग) ० डेसिबल असताना याचा निकाल मध्यात ठेवलेल्या एकाच ट्रॅकशी तंतोतंत जुळतो. एक कॉपी २० मिलिसेकंद उशिरा करण्याचा सल्ला मिळेल. तो टाळा. मोनोत ऐकताना २५, ७५, १२५ हर्ट्झ असं दर ५० हर्ट्झवर ध्वनी कापला जातो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. तीच ओळ पुन्हा गाऊन घ्या. दोन गायनांतला बारीक फरकच रुंदी देतो.

स्टिरिओ कीबोर्डचा ट्रॅक डावीकडे पॅन केला की त्यातले काही स्वर नाहीसे होतात. (बंगळूर)

पॅनचं बटण तिथे बॅलन्सचं काम करतंय. डावीकडे फिरवल्यावर ते उजवा चॅनेल फक्त हळू करतं, डावीकडे हलवत नाही. कीबोर्डचे वरचे स्वर बहुधा उजव्या चॅनेलवर असतात, म्हणून तेच हरवतात. रीपरमध्ये पॅनच्या बटणावर राइट क्लिक करून 'स्टिरिओ पॅन' निवडा. शेजारी रुंदीचं बटण येईल. रुंदी ४० ते ५० टक्क्यांवर आणा आणि मग पॅन फिरवा. लॉजिक या सॉफ्टवेअरमध्येही पॅनच्या बटणावर कंट्रोल-क्लिक केल्यावर हाच पर्याय मिळतो. गाण्यात कीबोर्ड फक्त साथीला असेल तर त्याचं मोनो आउटपुटच रेकॉर्ड करा.