घुबड आणि सरगॅसम, दोन्ही एकदम बघायचंय म्हणतोस तर

अरे पहिल्यांदा हे डोक्यातून काढ की सरगॅसम म्हणजे समुद्रातलं झाड, ते तपकिरी शैवाल आहे आणि हिरव्या झाडांच्या वंशातलंच नाही, त्याला मुळंही नसतात, खडकाला नुसतं चिकटून बसतं आणि पाण्यात उभं राहायला त्याला मण्यांसारखे हवेचे फुगे असतात. फुकोझँथिन नावाच्या रंगद्रव्यामुळे तपकिरी दिसतं बस. गव्हाणी घुबडाचं एकदम उलटं, सरगॅसम उजेडावर जगतं, तर याला शिकारीला उजेड लागतोच असं नाही, कान एक वर एक खाली असतात म्हणून अंधारात उंदराची खसखस कुठून आली ते बरोब्बर कळतं.

तुलना करायचीच तर घड्याळाची कर. घुबडासाठी सूर्यास्त बघायचा, सरगॅसमसाठी ओहोटी. मालवण-रत्नागिरीकडे खडकाळ किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी लांब जातं तेव्हा जा, पावसाळ्यात नको, खडक भयंकर निसरडे असतात (मी आपटलोय). आणि घुबडावर टॉर्च मारत बसू नकोस प्लीज, त्यापेक्षा सकाळी जुन्या वाड्याखाली पडलेल्या त्याने ओकून टाकलेल्या न पचलेल्या गोळ्या शोध, आत उंदराची हाडं सापडतात, अख्ख्या कवटीसकट.